कथड्याची शेरवानी

नाशकाच्या कथडा मोहल्ल्यात कुणाची वरात निघाली की बाहेरगावच्या पाहुण्याचा हमखास गोंधळ व्हायचा. मागच्या खेपेला आलो तेव्हाही हाच तर नवरदेव नव्हता ना, असं तो शेजारच्याला हळूच विचारायचा. कारण शेरवानी तीच असायची. मलई रंगाची, उंच गळ्याची, गुडघ्याच्या खाली उतरणारी. समोरची काळी बटणं तीच, गळपट्टीवरची बारीक वेलबुट्टी तीच, आतला माणूस तेवढा दुसरा. मोहल्ल्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लग्न ठरलं की मुलाचा बाप आधी इब्राहिम दर्ज्याकडे जाई, तारीख सांगे, आणि पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर नवरदेव मापाला उभा राही.

इब्राहिमचं दुकान बड्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. उंबऱ्याशी मशीन, भिंतीला उभा आरसा, आणि कोपऱ्यात सागवानी पेटी. पेटीत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ती शेरवानी. माणूस बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. पायजम्याची लांबी गिऱ्हाइकाला विचारून ठरवायची, हे त्याला मंजूरच नव्हतं. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, नाशकात दर्जी पुष्कळ आहेत, आणि पुन्हा मशीन फिरवायला लागायचा. गिऱ्हाईक मुकाट्यानं बसून राही, कारण इब्राहिमनं शिवलेला कपडा अंगावर कसा बसतो हे त्यालाही माहीत असे.

शेरवानी त्याची स्वतःची नव्हती, पण पहिल्यांदा ती त्यानंच घातली होती. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे कोट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादानं त्याला पदरी घेतलं. पुढं इब्राहिमचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्याकडे अंगावर घालायला धड कपडा नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे कोट शिवणारा पोरगा साध्या सदऱ्यात निकाहाला बसणार, हे उस्तादाला सहन होईना. त्यानं जपून ठेवलेलं उत्तम गरम कापड बाहेर काढलं आणि शेरवानी बेतली. बेतली मात्र इब्राहिमच्या मापानं नाही. शिवणीशिवणीत चार-चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं, आणि सगळं हातानं, कच्च्या दोऱ्यानं टाचलं.

"हा कोट तुझा नाही," उस्तादानं त्याला सांगितलं होतं. "आज तू घाल, उद्या दुसरा घालेल. पण जो ज्या दिवशी घालेल, त्या दिवशी तो त्याचाच वाटला पाहिजे. कुणाचा आणलास रे, असं रस्त्यात कुणी नवरदेवाला विचारलं, तर दर्ज्याची इभ्रत गेली म्हणून समज."

उस्ताद गेला, शेरवानी इब्राहिमकडे राहिली. मग लग्नामागून लग्नं झाली. जाडा नवरदेव आला की शिवणी उसवायच्या, रोडका आला की आत घ्यायच्या. मशीनची टीप तिला कधी लागू द्यायची नाही, हा नियम. दुसरा एक रिवाज कसा पडला कुणास ठाऊक, पण पडला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरा-नवरी दोघांनी शेरवानी परत आणायची, आणि उसवण्याचा पहिला दोरा नवरीनं ओढायचा. कुठला ओढायचा ते तिनं ठरवायचं, दर्ज्यानं बोट दाखवायचं नाही. ओढलेला दोरा तिनं घरी न्यायचा. कथड्यातल्या बहुतेक घरांतून बायकांच्या पेट्यांत असा एकेक पांढरा दोरा जपलेला होता. इब्राहिमच्या बायकोनं, जहिदानं, आपला अडकित्त्याच्या मुठीला गुंडाळून ठेवला होता, आणि सुपारी कातरताना त्या दोऱ्याला कुणाला हात लावू देत नसे. इतक्या वर्षांत कुठल्याही नवरदेवाला कुणी विचारलं नव्हतं की हा कोट कुणाचा. इब्राहिमला आयुष्यात अभिमान म्हणावा असा तेवढाच एक होता.

त्याची मुलं जगत नव्हती. जगला तो एकटा अकबर. उंच, मामाच्या वळणावर गेलेला, हसरा. थोडा शिकला आणि नाशिकरोडच्या छापखान्यात चिकटला. ट्राम बंद पडल्यापासून टांगेवाल्यांना बरे दिवस आले होते. लहानपणचा दोस्त खलील टांगा हाकायचा, तो रोज सकाळी अकबरला स्टेशनकडे नेई आणि संध्याकाळी आणून सोडी. छापखान्यात अकबरला कोटपाटलोणवाली माणसं दिसू लागली. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. त्याच्या मनात काय भरलं ते सांगायला नकोच.

सिन्नरच्या एका लुगडी विणणाऱ्याच्या मुलीशी, सिताराशी, त्याची मंगनी झाली आणि कपड्यांचा विषय निघाला. अकबरनं जेवताना सांगून टाकलं की आपण सूट घालणार. निळा, तीन तुकड्यांचा. इब्राहिमचा घास हातातच राहिला. शेरवानीत काय वाईट आहे, असं त्यानं विचारलं. अकबर म्हणाला की वाईट काही नाही, पण तिच्यात सगळ्या मोहल्ल्याचा घाम आहे. आपला बाप दर्जी असून आपल्या लग्नात अंगावर एक नवा कपडा नसावा, याचं त्याला वाईट वाटतं. बोलणं खोटं नव्हतं. इब्राहिमनं जन्मभर लोकांना नवे कपडे शिवले, पोराला मात्र गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडातून शिवत आला होता. लागलं ते तिथंच. दुसऱ्या दिवशी तो पोराला घेऊन सराफ बाजाराजवळच्या कापडदुकानात गेला.

दुकानदारानं ताग्यामागून तागे उलगडले. इब्राहिमनं बोटांत चुरगाळून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं, एक उभी रेघ असलेलं निळं कापड त्याला पसंत पडलं. त्यानं ते पोराच्या खांद्यावरून सोडलं आणि त्याला आरशासमोर उभं केलं. अकबरला ते असं काही शोभलं की दुकानदारही बघत राहिला. इब्राहिम मात्र आरशात न बघता तागा नीट करत होता. ज्या दिवशी दर्ज्याचाच पोरगा शेरवानी घालत नाही, त्या दिवसापासून ती कुणीच घालणार नाही, हे त्याला कळत होतं. ज्याला सूट जमेल तो सूट घालील, ज्याला जमणार नाही तो ओशाळवाणा तसाच उभा राहील. हे त्यानं पोराला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हता. पण अकबर बापाच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"राहू द्या अब्बा," तो म्हणाला. "खलीलनं त्याच्या लग्नात काय घालायचं मग? माझा सूट त्याला होणार नाही."

इब्राहिमला त्या दिवशी इतका आनंद झाला की दुकानदाराची माफी मागायचंही तो विसरला. पुढं मात्र त्याला त्याच आनंदाची लाज वाटत राहिली. कापड हातात होतं, पोरगा समोर होता, आणि आपण ते परत गुंडाळू दिलं.

शेरवानी ठरली म्हणून भांडणं संपली असं नाही. जहिदाला लाल साफा हवा होता, अकबरला तुर्की टोपी. टोपीवर फुलांचा सेहरा बांधायचा कसा, हा पेच घेऊन जहिदानं गोटीरामला बोलावणं धाडलं. गोटीराम फुलबाजारात बसायचा. त्याच्या हाताखालून हिंदूंच्या मुंडावळ्याही जात आणि मुसलमानांचे सेहरेही. इब्राहिमचा तो जुना स्नेही. टोपी हातात फिरवून तो म्हणाला, "वहिनी, ह्या टोपीचा गोंडा लय नडतो बघा. सेहरा बांधला की घसरणार, आन नवरदेव रस्ताभर डोकं धरून चालणार." सगळे हसले. शेवटी टोपीच्या आतून एक पट्टी शिवायची आणि तिला सेहरा अडकवायचा, असा तोडगा निघाला. बुटांवरून, अत्तरावरून, छातीवर गुलाब डाव्या बाजूला लावायचा की उजव्या, यावरून अकबर आणि त्याची आई दोन दिवस वाद घालत होती. इब्राहिमच्या घरात इतकं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी माप झालं. अकबरची उंची अशी की बाह्यांत आत दुमडलेलं सगळंच्या सगळं कापड सोडावं लागलं. आजवर एवढं कुणालाच लागलं नव्हतं. आतलं कापड बाहेर आलं ते अगदी कोरं, ज्या दिवशी उस्तादानं दुमडलं त्या दिवसाच्या रंगाचं. अकबरनं मनगटाशी बोट फिरवून बघितलं आणि हसत म्हणाला, "एवढी तर नवी आहे, अब्बा. एवढी माझीच." जहिदानं ओलं फडकं ठेवून घडीची खूण इस्त्रीनं मोडली. खलील टांगा दारात उभा करून आत डोकावत होता आणि नवरदेव टांग्यात मावणार नाही, उभाच न्यावा लागेल, असं म्हणत होता.

लग्न तोंडावर आलं तेव्हा इब्राहिमनं शेरवानी पुन्हा एकदा घालून पाहायला लावली. खांदे ठीक, बाह्या ठीक, कमरेला मात्र ढिली. दोन बोटं सहज आत जात होती. इब्राहिमला गंमत वाटली. नवरीच्या विचारानं वाळायला लागलास की काय, असं तो म्हणाला. एरवी तो अशी थट्टा करणारा नव्हे. अकबर हसला, उन्हामुळं जेवण जात नाही म्हणाला. त्याचे डोळे ओढल्यासारखे दिसतात, असं जहिदा म्हणत होती. इब्राहिमनं तिला मध्ये बोलू नको म्हणून सांगितलं आणि पोराला पाठ फिरवायला लावली. टाचण्या लावल्या, कमर दोन बोटं आत घेतली, आणि बसून स्वतःच्या हातानं टाके घातले. इतके बारीक टाके त्यानं कच्च्या कामात कधी घातले नव्हते. पोरगा आपला होता ना. जहिदा समोर बसून बघत होती. मग अकबरनं शेरवानी पुन्हा घातली आणि ती अशी बसली की इब्राहिम आरशात किती तरी वेळ बघत राहिला. बघत होता तो कोटाकडं. कोटाच्या वरच्या चेहऱ्याकडं त्यानं बघितलंच नाही.

दोन दिवसांनी अकबरनं अंथरूण धरलं. मुदतीचा ताप. लग्न पुढं ढकललं, सिन्नरला निरोप गेला, दर्ग्यावर चादर चढली, गोटीरामही आपल्या देवाला नवस बोलला म्हणे. डॉक्टर आले. तपासून बाहेर आल्यावर त्यांनी हात धुता धुता विचारलं की हा ताप अंगात बरेच दिवस मुरलेला दिसतो, पोरगा आधीपासून खंगत असणार, कपडे ढिले झाले असतील, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? इब्राहिम त्यांच्या हातावर पाणी घालत होता. तो तसाच पाणी घालत राहिला, हात धुऊन झाले तरी.

अकबर गेला. त्याला आंघोळ घालून कफन चढवलं. त्या कपड्याला शिवण नसते, फाडायचा आणि गुंडाळायचा, सुईचं काम नाही. माणसं सगळं करत होती आणि इब्राहिम बाजूला उभा होता. आयुष्यात एकच वेळ अशी आली की अंगावर कपडा चढत होता आणि त्यात त्याला काही करायचं नव्हतं.

शेरवानी पेटीत गेली ती अकबरच्या मापाचीच. जहिदानं तिच्यावर पाला घातला आणि झाकण लावलं. त्यानंतर कथड्यात लग्नं झाली, नाहीत असं नाही. पण तारीख सांगायला कुणी इब्राहिमच्या दारात आलं नाही. एकानं पांढऱ्या कुर्त्यावर भागवलं, एकानं घोटीच्या मेहुण्याकडून कोट आणला. गल्लीतून वरात जाताना ताशेवाले इब्राहिमच्या दुकानाशी हात आवरते घेत. लोक फार सांभाळून वागले. त्या सांभाळण्याचाच इब्राहिमला त्रास होई, पण पेटी उघडायची म्हटली की हात चालत नसे. कमरेची ती शिवण उसवायची कशी? पोराच्या अंगाला आपले हात शेवटचे लागले ते तिथं, आणि आपण आंधळे ठरलो तेही तिथंच.

सहा-सात महिने गेले. एका दुपारी खलील टांगा न घेता, पायी आला. पायरीवर बसला, चप्पल काढली, पुन्हा घातली. मग त्यानं सांगितलं की सिन्नरला सिताराच्या घरी फार वाईट चाललंय. पोरगी पांढऱ्या पायाची म्हणून कुणी विचारायला येत नाही. आला तो एक बिजवर, पदरी चार मुलं असलेला, आणि बाप आता त्यालाच हो म्हणायला निघालाय. अकबर गेल्याची बातमी सिन्नरला खलीलनंच टांग्यातून नेली होती. त्या दिवशी त्या बापाला रडताना त्यानं पाहिलं होतं. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला की आपण तिला मागणी घालावी असं मनात आहे, पण चाचा नको म्हणाले तर नाही.

इब्राहिमनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला तेव्हा तो म्हणाला, "चांगलं करतोयस, बेटा. त्या पोरीचा काय गुन्हा?" आणि लगेच दुसरं वाक्य त्याच्या तोंडून गेलं. "शुक्रवारी मापाला ये."

जहिदानं आतून ऐकलं. खलील गेल्यावर ती बाहेर आली आणि तिनं मनातलं सगळं बोलून दाखवलं. माझ्या पोराची नवरी त्याच्या दोस्तानं करावी, करू दे बापडा, पण माझ्या पोराच्या कोटात? तो कोट तुम्ही उसवणार? तुम्हाला उसववेल? ती रडली, आणि त्या दिवशी पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

तिचं खरं ठरलं. शुक्रवारी इब्राहिमनं पेटी उघडली, शेरवानी मांडीवर घेतली, लहान कात्री हातात घेतली, आणि नमाजाला जाऊन आलेला खलील दारात येईपर्यंत तसाच बसून राहिला. एक टाका निघाला नव्हता. खलीलनं बघितलं. त्यानं आत येऊन कात्री हळूच काढून मशीनवर ठेवली.

"राहू द्या चाचा. आहे तशी द्या. अकबरच्या मापाची घातली म्हणून मी लहान होत नाही."

इब्राहिमनं दिली. मापही घेतलं नाही, आरशासमोर उभंही केलं नाही. असं त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं.

वरातीच्या सकाळी त्यानं दुकानाची एक फळी लावून घेतली आणि आत बसला. वरात दर्ग्याला सलाम करून मग मोटारीनं सिन्नरला जाणार होती. ताशे जवळ आले आणि नेहमीसारखे दुकानाशी आवरले. त्या शांततेत इब्राहिमला बाहेरचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. भद्रकालीच्या बाजाराला आलेला कुणी परका माणूस कडेला उभा होता. तो मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाचे हात कुठं गेले? कुणाचा कोट आणलास रे बाबा?"

कुणी हसलं नाही. इब्राहिम उठून फळीशी आला. खलील बुटका, शिडशिडीत. शेरवानीचे खांदे त्याच्या दंडावर उतरले होते. बाह्या बोटांच्या पुढं जात होत्या, म्हणून त्यानं मुठी आवळून त्या आतून धरून ठेवल्या होत्या. डोक्यावर लाल साफा, त्याला गोटीरामचा मोगऱ्याचा सेहरा, आणि सेहऱ्याच्या आड मान खाली. लग्नाला निघालेला माणूस असा चालत नाही. तो दुसऱ्याचं काही तरी उचलून नेत असल्यासारखा चालत होता. उस्तादानं सांगितलेली गोष्ट झाली ती अशी, आणि ती परक्या माणसामुळं झाली नव्हती, इब्राहिममुळं झाली होती.

त्यानं फळी काढली. गळ्यात सुईदोरा, हातात कात्री, अनवाणीच तो रस्त्यात आला. लोक बाजूला झाले. त्यानं खलीलला आपल्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाला, "मूठ सोड."

खलीलनं मूठ सोडली. इब्राहिमनं बाहीचा टाका कापला. पहिला दोरा निघाला तरी हात थांबला नाही. वरात थांबली होती, मोटारवाल्यानं दोनदा निरोप पाठवला होता, सिन्नरला काजी वाट बघत होते. निवांत काम करायला वेळ नव्हता. त्यानं बाह्या आत घेतल्या, मनगटाशी तो कोरा पट्टा, अकबरनं माझा म्हटलेला, पुन्हा दुमडून आत गेला. खांद्याची शिवण बोटभर आत ढकलून मोठमोठ्या टाक्यांनी टाचली. टाके असे ओबडधोबड की एरवी त्यानं स्वतःच हाताखालच्या माणसाला हाकलून दिलं असतं. मग तो कमरेशी आला. त्यानं दोन्ही हातांनी कमर चाचपली. बोट आत जात नव्हतं, ताणही पडत नव्हता. खलील मुळातच रोडका, आणि ती शिवण आजाऱ्याच्या अंगाची. कमरेला शेरवानी जशीच्या तशी बसली होती.

इब्राहिम क्षणभर तिथंच हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं खलीलच्या पाठीवर थाप मारली आणि ताशेवाल्यांना म्हणाला, वाजवा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या दारासमोर ताशे मोकळेपणानं वाजले. गल्लीच्या वळणापर्यंत तो नवरदेवाची पाठ बघत उभा होता. आता तो कोट खलीलचा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. सिताराला इब्राहिमनं प्रथमच पाहिलं. ओढणी कपाळापर्यंत घेतलेली, सावळी, हाताला मेंदी अजून लाल. हे कोणाचं घर आहे हे तिला माहीत होतं, त्यामुळं ती उंबऱ्यातच थबकली. खलील तिला आत घेऊन आला. जहिदा मधल्या दाराच्या पडद्यामागं होती. ती बाहेर येणार नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

रिवाजाप्रमाणं इब्राहिमनं शेरवानी उलटी करून पोरीपुढं पसरली. तिनं आधी बाहीचे टाके बघितले, मग खांद्याचे. मोठमोठे, वाकडेतिकडे. तिथून तिचा हात खाली कमरेशी आला आणि थांबला. विणकराची पोर ती, दोऱ्याची तिला पारख होती.

"चाचा, हा ओढू का?" तिनं हळू विचारलं. "ह्यावर किती जीव लावलाय कुणी."

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. इब्राहिमला बोट दाखवायचा अधिकार नव्हता, तरी त्याला वाटलं की तिचा हात धरावा, म्हणावं, तो नको पोरी, दुसरा कुठलाही घे. पण तो अकबरच्या कमरेचा दोरा होता, आणि तो ओढायचा हक्क ह्या जगात कुणाचा होता तर तो त्याच पोरीचा होता. तिला ते ठाऊक नव्हतं. कमर कधी नि कशी आत घेतली ते खलीललाही माहीत नव्हतं.

"ओढ, बेटी," तो म्हणाला.

तिनं गाठ नखानं सोडवली आणि दोरा ओढला. मध्ये एकदा अडला, तिनं तो न तोडता हलक्या हातानं मोकळा केला, आणि तो सगळाच्या सगळा बाहेर आला. कमर दोन बोटं सैल झाली.

पडदा सरला आणि जहिदा बाहेर आली. तिनं सिताराच्या हातातला दोरा घेतला, तिच्याच बोटाभोवती सावकाश गुंडाळला, आणि म्हणाली, "जपून ठेव. हरवू देऊ नकोस." मग दोन्ही हात पोरीच्या गालांवरून फिरवून तिनं आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सुनेसाठी राखून ठेवलेली ती बोटं होती.

दोघं गेल्यावर इब्राहिमनं बाकीचे टाके काढायला घेतले. खांद्याचे निघाले, बाह्यांचे निघाले. मग त्याला दिसायचं बंद झालं. अकबर गेल्यापासून तो रडला नव्हता. आता शेरवानीत तोंड घालून तो रडला, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असा. जहिदानं त्याला रडू दिलं.

तेवढ्यात पायरीशी कुणी तरी खाकरलं. मोहल्ल्यातल्या बागवानांपैकी एक जण होता, पोराच्या लग्नाची तारीख सांगायला आलेला. आतला आवाज ऐकून तो परत वळला होता. जहिदानं डोळे पुसले, दाराशी गेली आणि त्याला थांबवलं. शुक्रवारी नमाजानंतर पोराला मापाला पाठवा, असं तिनं सांगितलं.